भिंतीचा कोरम

भिंतीला पोट सुटलं होतं. काल संध्याकाळपर्यंत ताठ उभी असलेली दगडी भिंत आज सकाळी भरल्या दिवसांच्या बाईसारखी पुढे आली होती आणि मधूनच आतून कट्ट असा आवाज करत होती. सुमनताईंनी तो स्वयंपाकघरात ऐकला. हातातली डिंकाच्या लाडवांची परात खाली ठेवायचीही शुद्ध त्यांना राहिली नाही. परातीसकट त्या पार्किंगमध्ये धावल्या.

दिघीच्या टेकडीचा पायथा कापून ही सोसायटी बसवलेली. टेकडी खाली येऊ नये म्हणून मागे भिंत. भिंत आणि तळमजल्याच्या खिडक्या यांच्यामध्ये एक माणूस छत्री उघडून जाईल एवढा बोळ. गेल्या वर्षी वर प्लॉटिंग झालं. झाडं गेली, गवत गेलं, जाहिरातीत तेवढं ‘निसर्गाच्या कुशीत’ राहिलं. आता पाऊस आठवडाभर हटला नव्हता, आणि निसर्ग कूस बदलायच्या बेतात होता. भिंतीकडच्या खोलीत सुमनताईंची सून दीपमाला बाळंतीण होती. पाळण्यात नात, अजून बारसंही न झालेली.

पार्किंगमध्ये सभा भरली. चेअरमन अण्णासाहेब कंपनीतून निवृत्त झालेले, नियमाशिवाय शिंकत नसत. त्यांनी डोकी मोजली.

“कोरम नाही. कोरमशिवाय इमारत रिकामी करायचा ठराव घेता येत नाही.”

“अण्णासाहेब, भिंत थांबणाराय का कोरमसाठी?” सुमनताईंच्या शेजारचा बुद्धरत्न म्हणाला.

“सभा अर्धा तास तहकूब. मग कोरम लागत नाही. तोवर कुणी घाबरायचं नाही.”

सगळे घाबरलेलेच होते. घाबरून त्यांनी सुमनताईंच्या परातीतले लाडू खायला सुरुवात केली.

पलीकडच्या घरातल्या मंजुषाने भिंत बांधणाऱ्या इंजिनिअरला फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. तो चाकणला कुठल्याशा साइटवर होता.

“भिंतीतले पाईप वाहतायत ना?” त्याने पहिलं हेच विचारलं.

“कुठले पाईप?” अण्णासाहेब.

“अहो, ओळीने सोडलेत ना भिंतीत! टेकडीत मुरलेलं पाणी तिथूनच बाहेर पडतं. वाहत असतील तर भिंत टिकेल. बंद असतील तर पाणी मागे साठून भिंत ढकलतं. मग आधी माणसं बाहेर काढायची आणि मग पाईप मोकळे करायचे. वाहतायत ना?”

परातीतले हात थांबले.

“वाहतायत की,” अण्णासाहेब म्हणाले.

“मस्त वाहतायत,” मंजुषा म्हणाली.

बुद्धरत्नने नुसतीच मान हलवली. ती फोनवर दिसत नाही, हे त्या घडीला कुणाच्या लक्षात आलं नाही.

सुमनताईंना आपला पाईप आठवला. बाळंतिणीच्या खिडकीसमोरच्या पाईपातून गढूळ पाणी दिवसरात्र ठिबकायचं. ओल आत यायची, शेक-शेगडीवर पाणी फिरायचं. म्हणून त्यांनीच जुन्या गोधडीचा बोळा करून तो पाईप गच्च बुजवला होता, वरून नारळाची करवंटी ठोकली होती. एवढ्या पाईपांतला एक बंद झाला तर काय मोठं बिघडतंय, असं तेव्हा वाटलं होतं. पण बाकीचे सगळे तर वाहतायत. आत्ताच सगळ्यांनी सांगितलं. म्हणजे ही भिंत एकट्या आपल्या बोळ्याने पडणार, आणि पडणार ती आपल्याच नातीवर.

“गॅसवर दूध ठेवलंय,” असं काहीतरी पुटपुटत त्यांनी परात अण्णासाहेबांच्या हातात कोंबली आणि घर गाठलं.

“दीपमाला, ऊठ. बाळाला घे आणि पुढच्या विंगेत तुझ्या मैत्रिणीकडे, वर्षालीकडे जा.”

“आई, सव्वा महिना उंबरा ओलांडायचा नाही म्हणालात ना तुम्ही?”

“तो नियम भिंत उभी असेपर्यंतचा. ऊठ म्हणते ना!”

पाळणा रिकामा झाला तशा त्या उलथणं घेऊन मागच्या दाराने बोळात उतरल्या. पाऊस असा कोसळत होता की डोळे उघडे ठेवता येईनात. भिंतीचं पोट नाकापाशी आलेलं. कट्ट. त्यांनी कुलदैवताचं नाव घेतलं आणि करवंटी उचकटली. गोधडी निघता निघेना. स्वतःच बसवली होती, मन लावून बसवली होती. शेवटी तिचं टोक दोन्ही हातांनी धरून त्या मागे रेलल्या. बोळा सुटला, आणि पाठोपाठ तांबड्या पाण्याचा लोट छातीवर येऊन त्यांना खिडकीच्या गजांवर आपटून गेला.

पदराने डोळे पुसून त्यांनी पाहिलं, कुणी बघत तर नाही ना.

शेजारी बुद्धरत्न पक्कड घेऊन नव्या स्कूटरसमोरच्या पाईपाचं झाकण पिळत होता. त्याच्यापुढे मंजुषा तुळशीमागच्या पाईपातलं सिमेंट पेचकसाने खरवडत होती आणि रडत होती. त्याहीपुढे पाठीच पाठी, भिंतीकडे वाकलेल्या. कुणी कुणाकडे बघत नव्हतं. अगदी टोकाला, डोक्यावर रिकामी परात पालथी धरून अण्णासाहेब उभे होते. भिंतीवर सोसायटीने रंगवून घेतलेल्या ‘झाडे लावा’च्या चित्रात, डाग पडू नये म्हणून लिंपलेल्या पाईपाच्या भोकावर ते दगड मारत होते.

कट्ट.

सगळे हात जागच्या जागी गोठले. अण्णासाहेबांनी परातीखालून या टोकापासून त्या टोकापर्यंत नजर फिरवली आणि सवयीने डोकी मोजली.

“कोरम झाला,” ते म्हणाले. “चालू ठेवा.”