राखाडी धाग्याची रेघ

भिंगरीने आजोबांच्या निपचित डाव्या हातावर हातमोजा चढवायला घेतला. दोन्ही हातांना चालणारा, पण असला घट्ट की तिला स्वतःचे दोन्ही हात लावून ओढावा लागे. मग मनगटावरचे तीन बारीक हुक.

"मापात मार खाल्लाय," आजोबा बोळक्या तोंडाने म्हणाले. कवळी पेल्यात होती. "चाळीस वर्षं कपडे शिवले मी, असला कधी नाही शिवला."

"शिवत नाहीत हो, विणतात! आणि घट्टच लागतो."

हातमोज्याच्या बोटांवरून केसाएवढा राखाडी धागा गेला होता. बोट वाकलं की धागा ताणला जायचा, त्यातली वीज अडखळायची आणि समोरच्या पडद्यावरची रेघ वर उठायची. म्हणजे उठायला हवी होती. अर्धांगाच्या झटक्यानंतर चार महिने ती झोपलेल्या तळ्यासारखी पडून होती. दुपारच्या पिवळ्या उजेडात तिच्याकडे बघता बघता भिंगरीला वाटायचं, आपणच त्या तळ्यावर उताण्या तरंगतोय आणि खालून कुणीतरी हळूच हाक मारणार आहे.

आज शेवटची तपासणी. रेघ हलली नाही, तर व्यायाम बंद आणि हातमोजा दुसऱ्या पेशंटला.

बेल वाजली. घरात दोघंच. आजोबांच्या हातांवर शाल पसरून भिंगरी चार जिने उतरली, रुसलेलं फाटक कसंबसं उघडलं आणि व्यायामाच्या ताईंना घेऊन धापा टाकत वर आली.

दोघी दारातच थबकल्या. रेघ नाचत होती! उंच, खाली, पुन्हा उंच, जशी वाऱ्यावरची ओढणी.

"अगंबाई!" ताईंनी पिशवी खाली टाकली. "चमत्कारच की!"

भिंगरीने एक गिरकी घेतली आणि शाल ओढली.

हातमोजा उजव्या हातात होता. धडधाकट हातात.

"आजोबा," ताई हळू आवाजात म्हणाल्या, "फसवून काय मिळालं?"

भिंगरीचा चेहरा एवढासा झाला. ताईंनी कागदावर काहीतरी खरडलं आणि पिशवी उचलली.

"जा हो, खुशाल जा," आजोबा मिश्कील हसले. "फक्त जाताना एवढं सांगा, माझ्या उजव्या मनगटाचे तिन्ही हुक लावले कुणी?"