घरत गुरुजींचा सत्कार

"आमचे घरत गुरुजी रोज सांजचे माझे ओटीवर येतान," कोकिळा माइकवर म्हणाली, "आनी समद्या पोरांना जवल बसवून वाचाला शिकवतान."

टाळ्या पडल्या. खुर्चीत शाल पांघरून बसलेल्या अंबाजी घरतांना वाटलं, आपल्या नावाचा दुसरा कुणी घरत या गावात आहे की काय. कोकिळाची ओटी नेमकी कुठल्या घराची, तेसुद्धा त्यांना ठाऊक नव्हतं.

गुरुजी तसे वाईट नव्हते. मारत नसत, उगाच रजा टाकत नसत. पण शाळा सुटायची घंटा झाली की पोरांच्या आधी त्यांची मोटरसायकल फाटकाबाहेर असे. मुंबईकरांना बंगल्यासाठी जागा दाखवायचा त्यांचा जोडधंदा होता, आणि गिऱ्हाईक मुंबईच्या रो-रो बोटीतून उतरून वाट बघत असे. गिऱ्हाईकाला ताटकळत ठेवणं त्यांच्या तत्त्वात बसत नव्हतं. पोरांचं काय, ती कुठं पळून जातात?

ओटीवर जात असत ते प्रणय सर. तरणा माणूस, दिवसभर शाळेत घसा कोरडा करून संध्याकाळी पुन्हा पोरं गोळा करायचा. गेल्या उन्हाळ्यात त्याची पालीला बदली झाली तेव्हा बायका डोळ्यांना पदर लावून उभ्या होत्या. त्याच्या जागी अजून कुणी आलं नव्हतं. म्हणून यंदाच्या शिक्षक दिनाला सत्कारमूर्ती एकटे घरत गुरुजीच.

घोटाळा कसा झाला असेल, ते गुरुजींनी मनाशी जुळवून घेतलं. कोकिळा बोलायला उठली तेव्हा पालक समितीचा अध्यक्ष नामा तिच्या कानाशी काहीतरी पुटपुटला होता. त्यानंच भलतं नाव सांगितलं असणार. बाई दिवसभर अलिबागच्या बाजारात भाजी विकते, तिला कोण सर नि कोण गुरुजी, काय कळणार?

तरी एक शब्द त्यांना खुपत राहिला. 'येतान.' प्रणय सर जाऊन इतके महिने झाले, मग 'यायचे' नको का? पण बाई अडाणी, तिच्या बोलण्यात कसला काळ नि कसली वेळ, असं म्हणून त्यांनी ते सोडून दिलं.

शेजारच्या खुर्चीतले केंद्रप्रमुख त्यांच्या गुडघ्यावर थाप मारून म्हणाले, "छुपे रुस्तम निघालात, गुरुजी. यंदा पुरस्कारासाठी तुमचंच नाव पाठवतो."

गुरुजींचे कान तापले. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हाच. खरं काय ते सांगून टाकायचं, असं ठरवूनच ते माइकपाशी गेले.

समोर गावातल्या बाया बसल्या होत्या. सगळ्यांचे डोळे त्यांच्यावर. कोकिळाची आरोही तेवढी मान खाली घालून सतरंजीची दोरी ओढत होती. पोरगी चौथीत होती आणि जोडाक्षर आलं की अजून अडायची. हे गुरुजींइतकं दुसऱ्या कुणाला ठाऊक होतं?

"मी..." त्यांनी माइक जवळ ओढला. "मी फक्त माझं कर्तव्य केलं."

पुन्हा टाळ्या. कोकिळानं पुढं येऊन पांढऱ्या कांद्याची माळ त्यांच्या हातात दिली, वरून पायांना हात लावला. गुरुजींना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

घरी गेल्यावर जेवण गेलं नाही. दुपारभर ती माळ डोळ्यासमोर. शेवटी संध्याकाळच्या गिऱ्हाईकाला फोनवरून नाही म्हणून सांगितलं, शाल नि माळ पिशवीत घातली आणि ते गावात आले. वेशीजवळ वेणूबाई शेळी बांधत होती.

"कोकिळाचं घर कुठलं हो?"

म्हातारीनं त्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "रोजची वाट इसरलाव, गुरुजी? त्ये काय, शेवग्याखालचा."

गुरुजींना जमीन पोटात घेईल तर बरं, असं झालं.

कोकिळा ओटीवर चटई अंथरत होती. "या गुरुजी, बसा."

गुरुजी बसले नाहीत. त्यांनी पिशवी पुढं केली. "हे माझं नाही, कोकिळाताई. तुमच्या ओटीवर मी आज पहिल्यांदा पाय ठेवतोय. पोरांना शिकवलं ते प्रणय सरांनी. मी तिथंच सांगायला हवं होतं, पण जीभ रेटली नाही. लाज वाटते मला."

"म्हायती हाय."

"काय माहिती आहे?"

"तुमी नव्हताव ते." कोकिळानं चटईचा कोपरा सरळ केला. "माझी ओटी. कोन बसतंय ते मना कलनार न्हाय?"

आतून आरोही पुस्तक घेऊन आली आणि चटईवर बसली. शेजारच्या घरातून दोन पोरं आली. मग आणखी तीन. कुणाला बोलवावं लागलं नाही, जणू सगळ्यांना आधीच सांगून ठेवलं होतं. केंद्रप्रमुखांसमोर, अख्ख्या गावासमोर आपण काय कबूल करून बसलो, ते गुरुजींना आता कुठं कळलं. बाईचं व्याकरण बिनचूक होतं.

ते चटईच्या कडेला टेकले.

"ताई, पण प्रणय सरांची गोष्ट निराळी. त्यांना आतूनच ओढ होती. जातिवंत शिक्षक तो. माझ्यासारख्याला ते कसं जमायचं?"

"प्रणय सर?" कोकिळा चहाचं आधण ठेवायला आत जाता जाता उंबऱ्यात थांबली. "त्ये पयल्या वर्साला शाला सुटली का तुमचे आदी पलायचे. मंग त्यांचापन आमी असाच सत्कार केलता."