टोपणनावाने

दिवा काही केल्या पेटता राहत नव्हता. पडद्यावरची बाई स्वयंपाकघरात जायची, दिवा लावायची आणि बाहेर पाऊल टाकलं की मागे अंधार. सगळ्या खोल्या उजळल्या की गेम संपणार, असं तो बनवताना तिनं ठरवलं होतं. इथे एका वेळी एकच खोली उजळत होती आणि गेम पाठवायची मुदत संपायला चाळीस मिनिटं उरली होती.

ती रक्त तपासणाऱ्या प्रयोगशाळेत तंत्रज्ञ होती. वय त्रेपन्न. सत्तावीस वर्षं सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून पेशी मोजण्यात गेली होती. गेम बनवणं हे तिच्या मुलाचं काम. तो दूरच्या शहरात एका कंपनीत होता. दर रविवारी सहाला त्याचा फोन यायचा. जेवलीस का, गुडघा कसा आहे, की संपलं. कामाचं विचारलं तर म्हणायचा, जाऊ दे आई, तुला नाही कळायचं. एकदा मात्र बोलता बोलता म्हणाला होता की तीन दिवसांत गेम बनवायची एक स्पर्धा असते, तिला गेम जॅम म्हणतात, आणि तिथले नवख्यांचे गेम खेळून तो अभिप्राय लिहितो. तिनं ते मनात ठेवलं. सात महिने इंटरनेटवरचे धडे गिरवले. कोणाला सांगितलं नाही. सांगायला घरात होतं कोण?

शुक्रवारी स्पर्धेचा विषय आला, 'घर'. तिनं वहीत अख्खं गाव काढलं. नदी, पूल, बारा माणसं. शनिवारी दुपारपर्यंत निम्मी माणसं उलटी चालायला लागली आणि दोन भिंतीत अडकली. रविवारी उरलं ते एक घर, चार खोल्या आणि एक बाई. शेवटी तिनं हात टेकले. बाई जिथे बसेल तिथे गेम संपेल, एवढा बदल केला आणि 'चष्मा' या टोपणनावानं तो पाठवून दिला.

तीन दिवस कोणी फिरकलं नाही. गेम दोनदा उघडला गेल्याचं दिसत होतं. दोन्ही वेळा तिनंच उघडला होता. चौथ्या दिवशी कामावरून आली तर गेमच्या खाली लांबलचक अभिप्राय. लिहिणाऱ्याचं नाव वाचून ती खांद्यावरची पर्स न काढताच खुर्चीत बसली.

मुलानं तो गेम नऊ वेळा खेळला होता. "ज्या खोलीत आपण असतो तिथलाच दिवा राहतो," त्यानं लिहिलं होतं. "एकट्या माणसाचं घर असंच असतं. हे तुम्हाला सुचलं कसं?"

पोटच्या पोरानं 'तुम्ही' म्हटलेलं बघून तिला हसू आलं. त्याला सांगायला तिनं फोन उचलला. मग वाटलं, थोडी गंमत करू. दिवे विझतात ती चूक आहे, दुरुस्त करता आली नाही, असं तिनं लिहिलं. दहा मिनिटांत उत्तर आलं, अशी चूक ठरवून करता येत नाही, तिला हात लावू नका.

रोज लिहिणं सुरू झालं. तो तिला एकेक गोष्ट समजावून सांगायचा. तीच शंका तिनं तिसऱ्यांदा विचारली तरी वैतागायचा नाही. येत्या रविवारी फोनवर खरं सांगून टाकायचं, असं तिनं ठरवलं.

शनिवारी त्याचा मोठा मजकूर आला. कंपनी बंद पडून तीन महिने झाले होते. दिवसभर तो खोलीत बसून असायचा. नवख्यांचे गेम खेळायचा, कारण बोलायला तेवढीच माणसं उरली होती.

"घरी कळू दिलेलं नाही," त्यानं लिहिलं होतं. "आई एकटी असते, काळजीनं खंगेल. तुम्ही परके आहात म्हणून बोलता येतं."

तिनं ते चारदा वाचलं. उद्या खरं सांगितलं, तर तो पुन्हा जेवणाचं आणि गुडघ्याचं विचारेल, सगळं ठीक आहे म्हणेल. मग त्याला बोलायला कोणीच राहणार नाही. बऱ्याच वेळानं तिनं लिहिलं, मी आहे, केव्हाही लिहा. त्यानं विचारलं, पुढचा गेम आपण दोघांनी मिळून करायचा का? उद्या सव्वासहाला बसू.

रविवारी सहाचा फोन दहा मिनिटं उशिरा आला. जेवलीस का, त्यानं विचारलं. गुडघा बरा आहे, तिनं सांगितलं. काम कसं चाललंय म्हटल्यावर तो म्हणाला, जोरात. 'चष्मा' म्हणजे मीच, हे तिच्या ओठांवर आलं होतं, पण तिनं गिळलं. तो म्हणाला, ठेवतो आई, कामाचं एक बोलणं आहे.

"जा," ती म्हणाली. "लोकांना ताटकळत ठेवू नये."

ती संगणकापुढे जाऊन बसली. थोड्याच वेळात पडद्यावर अक्षरं उमटली.

"दोन मिनिटं उशीर झाला, माफ करा. आईशी बोलत होतो."