पस्तीस गुणांचं कारण

मास्तरांनी पडद्यावर काळं कापड ओढलं, तेव्हा घाईबाई पहिल्या रांगेत मांडीवर कागद घेऊन निवांत बसली होती. कागदावर दोन रकाने होते, गुण आणि कारण. गुणांच्या रकान्यात तिनं घरूनच ब्याण्णव लिहून आणले होते. तिचं सगळंच असं. वर्गानं तिचं नाव उगाच घाईबाई ठेवलं नव्हतं.

मास्तरांची पद्धत जगावेगळी होती. चित्रपट शिकायला आलेल्या या पोरांना ते स्वतः एकही गुण देत नसत. ज्यानं चित्रपट केला त्यानंच तो आधी सगळ्यांबरोबर बघायचा, मग पडदा झाकून नुसता ऐकायचा. त्यानंतर आपले गुण आपणच लिहायचे आणि शेजारी कारण द्यायचं. लिहिलेला आकडा मास्तर कधीच बदलत नसत. चाळीसच्या खाली गेलं की वर्ष पुन्हा करायचं. बाहेरचे लोक हसायचे, म्हणायचे, मग सगळे शंभरच घेत असतील. पण उभा जन्म ध्वनिमुद्रणात काढलेल्या या माणसाचा कानांवर भारी भरवसा होता. आपलेच डोळे आपल्याला फार लवकर शाबासकी देतात, असं ते म्हणायचे.

घाईबाईला पास होणं भागच होतं. एका नावाजलेल्या दिग्दर्शकानं सहायकाची जागा तिच्यासाठी धरून ठेवली होती. निकालाचा कागद दाखवला की येत्या सोमवारपासून काम सुरू. अशी संधी पुन्हा दार ठोठावत नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

चित्रपट तिनं आपल्या आईवर केला होता. नाव होतं ‘आईला वेळ नाही’. आई घरीच शिवणकाम करायची. अकरा मिनिटं पडद्यावर सुई, कापड, आईची बोटं आणि तिची वाकलेली मान. आईच्या पाठीकडे बघत मोठी झालेली मुलगी त्यात दिसत नव्हती, पण कळत होती. सगळ्यांबरोबर बघताना दोघी जणींनी डोळे पुसले. मधेच मशीन थांबतं आणि भिंतीवरचं घड्याळ दिसतं, ती शांतता तर काळजाला भिडते, असं एक जण म्हणाला. घाईबाईच्या अंगावर मूठभर मांस चढलं.

आता खोलीत अंधार होता आणि फक्त आवाज.

मशीन चालू होतं. दाराशी चपला वाजल्या. मशीन थांबलं. चपला परत गेल्या आणि थोड्या वेळानं मशीन पुन्हा सुरू झालं. ही घड्याळाची जागा, घाईबाईनं मनात म्हटलं. पुढच्या वेळी पुन्हा चपला, पुन्हा मशीन थांबलं. ही कात्रीची जागा. तिसऱ्या वेळी तिला मधे काहीतरी पुटपुटल्यासारखं ऐकू आलं. घरी छोट्या स्पीकरवर तिला ते शेजारचं बोलणं वाटलं होतं. इथे मोठ्या स्पीकरवर ते स्पष्ट होतं.

‘‘काय गं?’’

आवाज आईचा होता. त्याला उत्तर नव्हतं.

तिला ते चार दिवस आठवले. कॅमेरा दाराशी लावला होता आणि माइक मशीनच्या टेबलाखाली. मी आले-गेले तरी कॅमेऱ्याकडे बघायचं नाही, मी बोलणार नाही, आवाज खराब होतो, असं तिनं आईला बजावलं होतं. आईनं सगळं ऐकलं. फक्त लेक दाराशी आली की तिची मान वर व्हायचीच. ते तुकडे घाईबाईनं चिडून कापून टाकले होते. त्यांच्या जागी घड्याळ लावलं, कात्री लावली, दोऱ्याचं रीळ लावलं. सांधा जाणवू नये म्हणून खालचा आवाज तेवढा तसाच ठेवला.

पाचव्या वेळी तिनं पेन खाली ठेवलं. त्यानंतर ती नुसती मोजत राहिली.

दिवे लागले. घाईबाईनं ब्याण्णव खोडले आणि खाली दुसरा आकडा लिहिला. कारण लिहायला मात्र तिला बराच वेळ लागला. सगळ्या वर्षात तिला कुणी इतकं सावकाश लिहिताना पाहिलं नव्हतं.

मास्तरांनी कागद वाचला आणि चष्मा काढून ठेवला. ‘‘मी आकडा बदलत नाही, माहितीये ना? अजून पाच मिनिटं आहेत तुला.’’

‘‘माहितीये, सर. त्या दिग्दर्शकांना मी आजच कळवते.’’

मास्तरांनी सही केली. इतक्या वर्षांत असे शेकडो कागद त्यांनी बसल्या जागेवरून पुढे सरकवले होते. हा मात्र त्यांनी उभं राहून तिच्या हातात दिला.

घरी ती जिना सावकाश चढली. आत मशीन चालू होतं. दाराशी तिच्या चपला वाजल्या आणि मशीन थांबलं.

‘‘काय गं?’’

तिनं कागद पुढे केला. आईनं तो मशीनच्या छोट्या दिव्याखाली धरला. ब्याण्णव खोडून पस्तीस केले होते. शेजारी लिहिलं होतं, ‘या चित्रपटात आई माझ्यासाठी नऊ वेळा थांबली. मी एकदाही थांबले नाही.’

आईनं ते दोनदा वाचलं. ‘‘म्हणजे स्वतःच्या हातानं नापास झालीस?’’

‘‘हो.’’ घाईबाईनं स्टूल ओढलं आणि आईच्या समोर बसली. ‘‘सगळं सांगते, पण वेळ लागेल. आहे तुला?’’

आईनं मशीनचा दिवा बंद केला.