घरच्यांची नावं

शाळा लांब पडते म्हणून तेजश्री लेकीला घरीच शिकवायची. प्रगतीला 'कमळ' यायचं, 'बदक' यायचं. पण घरातल्या कुणाचं नाव गिरवायला सांगितलं, की ती पेन्सिल पाठीमागं लपवायची.

"आबा लिही बरं. सोपं हाय की."

"आबा नको."

"मग तुझं लिही. न्हाईतर आपल्या पप्पूचं."

"पप्पूचं तर मुळीच न्हाई." तिनं पाळण्यातल्या भावाकडं पाहिलं.

तेजश्रीनं रागावून पाहिलं, चॉकलेट कबूल करून पाहिलं. शेवटी वही मिटून नुसतंच विचारलं, "नाव काय चावतं का गं तुला?"

प्रगती हळूच म्हणाली, "आबा मेंढराच्या पाठीवर रंगानं अक्षर काढत्यात. मग हौसरावमामाचा टेम्पो येतो आन् ते मेंढरू यवतच्या बाजारला जातं. परत येतच न्हाई."

तेजश्रीनं तिला जवळ ओढलं. "येडे, अक्षर काढलं म्हणून ते जात न्हाई. जायचं असतं म्हणून आबा अक्षर काढत्यात."

"तेच की," प्रगती म्हणाली.

तेजश्री चहा ठेवायला उठली. परत आली तर वही उघडी होती आणि प्रगती जिभेचं टोक बाहेर काढून मन लावून गिरवत होती. इतकं वळणदार अक्षर तिनं आजवर काढलं नव्हतं.

पानभर एकच नाव होतं. हौसरावमामा.