गोळ्यांचा नैवेद्य

“ही गोळी दुसऱ्या कुणाला द्यायची नाही हं, आजी,” डॉक्टरांनी बजावलं होतं. मी आणि शेजारच्या कमलिनीवहिनी, दोघींचीही फुप्फुसं आजारी. चाचणीत एकीला रक्तातला ऑक्सिजन वाढवणारं नवं औषध, दुसरीला तशीच दिसणारी साखरेची गोळी. कोणती कुणाला, ते गुपित.

देवीला दाखवल्याशिवाय मी काही खात नाही. दोघींच्या गोळ्या एकाच वाटीत ओतून नैवेद्य दाखवला. प्रसादात तुझं-माझं कसलं?

दोन महिन्यांनी डॉक्टर कपाळाला हात लावून बसले. “दोघींचाही ऑक्सिजन सारखाच वाढला! म्हणजे औषध निकामी.”

“अहो, तो प्रसाद...” मी हळूच म्हणाले.

“आजी, इथे विज्ञान चाललंय!”

बरं. श्वास पुरला तर गडावर येऊन ओटी भरू, असं देवीला बोललो होतो. वहिनींनी नारळ घेतला, मी खण. पहिल्या पायरीला हात लावून निघालो.