पेटीत कोण होतं?

"आणि बंद पेटीतून कुणीतरी तीनदा टकटक केली," एवढं वाचून भिंगरी थांबली. मान वर करून तिने बाईंकडे पाहिलं.

टॅबवर सेकंद पळत होते. पाच सेकंद आवाज आला नाही की यंत्र समजायचं, मुलाला पुढचं वाचता येत नाही. लाल चौकोन उमटला आणि गोष्ट बंद झाली. सकाळपासूनचा हा एकोणिसावा.

"सगळी पोरं याच ओळीला कशी अडतात?" परीक्षेसाठी खात्याकडून आलेल्या साहेबांनी विचारलं.

"अडत नाहीत, थांबतात," बाई म्हणाल्या. "चौतीस वर्षं माझ्या वर्गात हीच रीत आहे. असं काही आलं की पुस्तकात बोट घालून ते मिटायचं. पुढे काय असेल ते प्रत्येकाने सांगायचं. मगच पान उलटायचं."

टॅब काही मिटत नव्हता. म्हणून भिंगरीने बोट काचेवर, त्या ओळीखाली ठेवलं होतं. ते तिने अजून उचललं नव्हतं.

हेडसरांनी बाईंना दाराशी बोलावलं.

"बाई, मंत्र्यांनी परवा भाषणात सांगून टाकलंय, वाचनात एकही मूल मागे नाही. आपला वर्ग लाल गेला तर सोमवारपासून तुमचा गोष्टीचा तास बंद. त्या तासाला पोरं टॅबसमोर बसणार. तुमचे निवृत्तीला राहिलेत पाच महिने. उरलेल्या अकरा जणांना एवढंच सांगा, थांबू नका. आजच्या दिवस!"

"एका दिवसात मोडायचं होतं, तर चौतीस वर्षं हे वळण लावलं कशाला, सर?"

"तुमचं म्हणजे मोडेन पण वाकणार नाही."

"गुडघे बघा माझे. वाकायचं म्हटलं तरी जमणार आहे का?"

हेडसरांना हसू आलं, पण त्यांनी ते आवरलं.

बाई वर्गात आल्या. अकरा चेहरे त्यांच्याकडे लागले होते. दोन शब्द पुरले असते. भिंतीकडच्या कपाटात गोष्टींची पुस्तकं होती, पाठी फाटलेली, बाईंनी खळ लावून चिकटवलेली. त्यांनी एकदा तिकडे पाहिलं.

"नेहमी वाचता तसंच वाचा," त्या म्हणाल्या.

अकराही जण टकटकीपर्यंत आले आणि थांबले. बोट काचेवर, डोळे बाईंवर. शेवटच्या दोघांच्या वेळी तर साहेबच खुर्चीतून पुढे झुकले होते. लाल चौकोन उमटला तसे पुन्हा मागे टेकले.

तीसपैकी तीस लाल. बाईंनी निकालाखाली सही केली. फळ्यावर लिहीत तसंच टपोरं नाव लिहून त्यांनी पेनाला टोपण लावलं.

साहेबांनी टॅब बॅगेत घातला, चेन ओढली. दारापर्यंत गेले आणि परत फिरले.

"बाई, मला सकाळीच पाठवली ही गोष्ट. वाचायला वेळच झाला नाही. तेवढं सांगता का, पेटीत कोण होतं?"

बाईंनी भिंगरीकडे पाहिलं.

भिंगरी बाकावर थोडी सरकली आणि साहेबांसाठी जागा केली.

"असं लगेच नसतं सांगायचं, साहेब. आधी तुम्ही सांगा."